वेबसाइटच्या फाइल्स सर्व्हरवर सुरक्षित कशा पाठवायच्या: नेहमी येणारे प्रश्न

फोंड्यात बसून मी होमस्टे, देवस्थानं, भजनी मंडळं, दोन-तीन काजूवाले अशांच्या साइट्स सांभाळतो. चवथ जवळ आली किंवा जत्रेचा कार्यक्रम बदलला की तेच तेच प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर येत राहतात, कधी रात्री साडेअकराला, म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. सोपे प्रश्न वर आहेत, डोकं खाणारे खाली. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे नंबर दिलाय.

१. एफटीपी, एफटीपीएस, एसएफटीपी... हे सगळं एकच ना?

नाही, आणि नावं अशी सारखी ठेवल्याने लोकांचा घोळ होतो यात तुमची काही चूक नाही. आपल्याकडे पणजीहून काणकोणला काही पाठवायचं असलं की बसच्या ड्रायव्हरकडे पार्सल द्यायची सवय आहे, तसंच समजा. साधं एफटीपी म्हणजे उघडी पिशवी: फाइल्स तर दिसतातच, वर घराची चावी, म्हणजे तुमचं युजरनेम-पासवर्ड, तेही वाटेतल्या कोणालाही वाचता येतं. त्याचा पहिला आराखडा १९७१ साली अभय भूषण यांनी लिहिला, आयआयटी कानपूरमधून शिकून एमआयटीत गेलेला आपला माणूस. तेव्हा नेटवर्कवर मोजकी कॉम्प्युटर होती आणि चोराचा विचार कोणी करत नव्हतं, त्यामुळे त्यांना दोष देऊन उपयोग नाही.

एफटीपीएस म्हणजे तीच पिशवी, पण कुलूप लावलेली, वेबसाइटला एचटीटीपीएस असतं त्याच जातीचं कुलूप. एसएफटीपी ही मात्र वेगळीच गाडी आहे, ती एसएसएचवर, म्हणजे दूरच्या सर्व्हरशी कुलूपबंद बोलायच्या पद्धतीवर चालते, एफटीपीशी नावापलीकडे नातं नाही. एसएसएच १९९५ साली फिनलंडमध्ये तातू इलोनेनने केलं, त्याच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरून ऐकत होतं म्हणून. पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर. त्याने २२ घेतला कारण २१ एफटीपीचा, २३ टेलनेट या सर्व्हरवर लॉगिन करायच्या जुन्या पद्धतीचा, मधला रिकामा होता. तुम्हाला निवड असेल तर एसएफटीपी घ्या.

२. माझ्या साइटवर कुलपाचं चिन्ह येतं, म्हणजे अपलोड पण सुरक्षितच झालं की?

ते कुलूप साइट बघायला येणाऱ्या माणसासाठी आहे. तुम्ही मागच्या दाराने फाइल्स कशा आत टाकता त्याच्याशी त्याचा संबंध नाही. एचटीटीपीएसवाली साइट साध्या एफटीपीने अपडेट करणारे मी ढिगाने बघितलेत.

३. होस्टिंगवाल्यांचा मेल आलाय, त्यातलं काय कुठे भरू?

चार गोष्टी लागतात: होस्ट म्हणजे सर्व्हरचं नाव किंवा आयपी (त्याचा आकड्यांचा पत्ता), युजरनेम, पासवर्ड आणि पोर्ट. प्रोटोकॉल निवडायच्या जागी एसएफटीपी निवडा, पोर्ट २२. काही होस्टिंगवाले मुद्दाम दुसरा पोर्ट देतात, मेलमध्ये असेल तो घाला. मेलमध्ये पोर्ट २१ लिहिला असेल तर ते एफटीपी झालं, मग प्रश्न १५ बघा. आणि हो, बऱ्याच ठिकाणी एसएसएच आधी होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमधून चालू करावं लागतं किंवा सपोर्टला सांगावं लागतं, ते न करता लोक अर्धा दिवस पासवर्ड बदलत बसतात.

४. सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? आधी ब्राउझरमध्येच उघडायचं...

ते दिवस गेले, २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही एफटीपी काढून टाकलं. विंडोजवर मी विनएससीपी वापरतो, मॅकवाल्यांना सायबरडक सांगतो, फाइलझिला दोन्हीकडे चालतं आणि फुकट आहे. फक्त ते त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा, सर्च केल्यावर वर जाहिरातीत येतं ते नको. तुमच्या सगळ्या साइट्सचे पासवर्ड ज्यात टाकणार ते सॉफ्टवेअर कुठल्यातरी डाउनलोडच्या दुकानातून आणायचं म्हणजे कमाल झाली.

५. पहिल्यांदा जोडताना "अननोन होस्ट की" म्हणून लांबलचक अक्षरं येतात. ओके करू का?

हा प्रश्न विचारलात त्याबद्दल आधी शाबासकी, कारण शंभरातले बहुतेक न वाचता ओके करतात, मी पण वर्षानुवर्षं केलं.

मघाचंच पार्सल घ्या. पिशवीला कुलूप आहे, ड्रायव्हर उघडू शकत नाही, सगळं बरोबर. पण काणकोणच्या स्टँडवर ते उतरवून घेणारा माणूस आपलाच आहे कशावरून? भलत्याच माणसाने पुढे येऊन "मीच तो" म्हटलं आणि आपण त्याला कुलपाची चावीही दिली, तर कुलूप कितीही भारी असून काय करायचं? ती लांबलचक अक्षरं, ज्याला फिंगरप्रिंट म्हणतात, ती सर्व्हरची ओळख आहे. सॉफ्टवेअर म्हणतंय की हा माणूस मी आधी बघितलेला नाही, तुम्ही ओळखता का ते सांगा.

ओळखायचं कसं? होस्टिंगच्या हेल्प पानावर किंवा कंट्रोल पॅनेलमध्ये फिंगरप्रिंट दिलेला असतो, नसेल तर सपोर्टला चॅटवर विचारा, त्यांनी दिलेला आणि स्क्रीनवरचा अक्षर न अक्षर जुळवा. पहिली चार आणि शेवटची चार बघून सोडू नका. सपोर्टवाल्याला प्रश्नच कळला नाही तर (असं होतं) निदान एवढं करा: एकदा घरच्या वायफायवरून आणि एकदा मोबाइल डेटावरून जोडून बघा, दोन्हीकडे तोच आला तर वाटेत तुमच्या वायफायवर कोणी बसलेलं नाही एवढं तरी कळतं. पूर्ण खात्री नाही ही, पण डोळे मिटून ओके करण्यापेक्षा बरं. एकदा मान्य केलं की सॉफ्टवेअर तो लक्षात ठेवतं आणि पुन्हा विचारत नाही.

६. आणि रोजचंच कनेक्शन असताना आज अचानक "होस्ट की बदललीय, सावधान" असं लाल अक्षरात आलं तर?

थांबा. पासवर्ड टाकू नका. बहुतेक वेळा कारण साधं असतं, होस्टने सर्व्हर बदलला किंवा नव्याने बसवला, पण स्टँडवर आज वेगळा माणूस उभा आहे हे खरंच आहे, तेव्हा फोन करून विचारायचं. "तुम्ही सर्व्हर हलवलात का, नवीन फिंगरप्रिंट काय" इतकंच. हो म्हणाले आणि जुळला तर पुढे जा. तुम्ही कुठल्यातरी हॉटेलच्या वायफायवर असताना हे आलं असेल तर तिथे काम करूच नका, घरी येऊन परत बघा.

७. कॅफेतल्या फुकट वायफायवरून अपलोड केलं तर चालेल का? पाळोळ्याला आमचं नेट असतंच कुठे धड.

एसएफटीपीने, आणि आधी ओळखीच्या नेटवर्कवरून एकदा जोडून फिंगरप्रिंट मान्य केलेला असेल तर चालेल, भीती बाळगू नका. साध्या एफटीपीने अजिबात नको. पहिलंच कनेक्शन कॅफेतून करू नका, कारण प्रश्न ५ मधली ओळख पटवायची वेळ तीच असते.

८. फाइलझिला पासवर्ड लक्षात ठेवू का विचारतं. ठेवू द्यावा?

मास्टर पासवर्ड लावल्याशिवाय नको. तो न लावता सेव्ह केलं तर सगळे पासवर्ड तुमच्या कॉम्प्युटरवर एका फाइलमध्ये नुसते बेस६४ करून पडलेले असतात, दिसायला अगम्य पण उलटं करायला एक सेकंद पुरतो, ते कुलूप नव्हेच. कॉम्प्युटरमध्ये घुसणारे व्हायरस नेमकी ती फाइल शोधतात. सेटिंगमध्ये मास्टर पासवर्डचा पर्याय आहे, तो लावा, किंवा पासवर्ड मॅनेजर वापरा, किंवा सरळ पुढच्या प्रश्नातली की करा.

९. पासवर्डऐवजी "की" वापरा म्हणता, ती करायची कशी?

वाटतं तितकं अवघड नाही. कीची जोडी असते, एक पब्लिक, एक प्रायव्हेट. पब्लिक सर्व्हरवर ठेवायची, ती कोणी बघितली तरी फरक पडत नाही, प्रायव्हेट तुमच्या मशीनवरून कधीच हलवायची नाही. विंडोज १० आणि पुढच्यात एसएसएच आधीच असतं, कमांड विंडोत एसएसएच-कीजेन चालवायचं, प्रकार ईडी२५५१९ निवडायचा, पासफ्रेज, म्हणजे कीचाच पासवर्ड, विचारेल ती द्या, रिकामी सोडू नका, नाहीतर लॅपटॉप ज्याच्या हातात त्याच्या हातात साइट. दोन फाइल्स तयार होतात, नावाच्या शेवटी पब असलेली ती पब्लिक. ती उघडून सगळा मजकूर कॉपी करून सीपॅनेल या कंट्रोल पॅनेलमध्ये एसएसएच अ‍ॅक्सेस मध्ये इंपोर्ट करा, आणि मग तिथेच "ऑथोराइझ" दाबा. हे ऑथोराइझ दाबायचं लोक विसरतात आणि मला फोन करतात.

विनएससीपीला त्याच्या स्वतःच्या प्रकारची, पीपीके फाइल लागते, पण तो स्वतःच विचारतो बदलून देऊ का म्हणून, हो म्हणा. चुकून प्रायव्हेट की कोणाला मेल केलीत तर ती बाद समजा, सर्व्हरवरून काढा आणि नवीन करा.

१०. फाइल्स गेल्या असं दाखवतंय पण साइटवर जुनंच पान!

आधी कुठल्या फोल्डरमध्ये टाकल्यात बघा. बहुतेक शेअर्ड होस्टिंगवर साइट पब्लिक_एचटीएमएल या फोल्डरच्या आत असते, त्याच्या बाहेर टाकलेलं जगाला दिसत नाही. (हे लक्षात ठेवा, प्रश्न १४ मध्ये कामाला येईल.) दुसरं, ब्राउझरचा किंवा वर्डप्रेसच्या कॅशे प्लगइनचा जुना साठा, तो साफ करा. तिसरं, फोल्डर ओढताना फोल्डरच्या आत फोल्डर झालाय का.

११. लॅपटॉपवर फोटो छान दिसतात, साइटवर गेले की गायब.

नव्वद टक्के वेळा नावातलं लहान-मोठं अक्षर. विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल सारखंच, पण सर्व्हर बहुतेक लिनक्स असतो आणि त्याच्या मते ते दोन वेगळे फोटो. कॅमेऱ्यातून येणारी नावं कॅपिटलमध्ये संपतात आणि पानात तुम्ही स्मॉल लिहिलेलं असतं. सगळं स्मॉलमध्ये, स्पेसऐवजी मधली आडवी रेघ, हा नियमच करून टाका.

मराठी नावं द्यावीत का असं एका देवस्थानच्या सेक्रेटरींनी विचारलं होतं. चालतात, पण लिंक कॉपी केली की एकेक चिन्ह नऊ अक्षरांचं होतं. "पालखी" एवढं नाव पंचेचाळीस अक्षरांची टक्क्यांच्या खुणांची माळ बनून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं आणि म्हातारी माणसं घाबरून ती लिंक उघडतच नाहीत. पानावर मराठी मिरवा, फाइलच्या नावात इंग्रजी अक्षरं राहू द्या.

१२. एका व्हिडिओत सांगितलंय की एरर आला की परमिशन ७७७ करा. केलं, चाललं. ठीक आहे ना?

ठीक नाही, आत्ता जाऊन परत बदला. तीन आकडे म्हणजे मालक, त्याचा ग्रुप आणि बाकीचं सगळं जग. वाचायला ४, लिहायला २, चालवायला १, तिन्हींची बेरीज ७. ७७७ म्हणजे सर्व्हरवरच्या कोणालाही तुमच्या फाइलमध्ये लिहायची परवानगी. फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४ हे नेहमीचं, डेटाबेसचा पासवर्ड असलेल्या वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलला ६००, त्याने साइट बंद पडली तर ६४०. ७७७ ने चाललं म्हणजे खरा घोळ फाइलच्या मालकीत आहे, तो होस्टला सांगून दुरुस्त करून घ्या. गंमत म्हणजे काही होस्टवर ७७७ केल्यामुळेच साइट ५०० एरर देते.

१३. अपलोड अर्ध्यावर असताना लाईट गेली. जूनमध्ये हे रोजचंच आहे.

माझी स्वतःची फजिती सांगतो. एका होमस्टेचं वर्डप्रेस मी भर पावसात थेट चालू साइटवर फाइल फाइल करून अपडेट करत होतो, लाईट गेली, राउटर गेला, अर्ध्या फाइल्स नव्या अर्ध्या जुन्या, आणि साइट पांढरी फटक. बुकिंग करणारे लोक फोन करतायत आणि मी इन्व्हर्टरला शिव्या घालतोय.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. आधी सर्व्हरवरच्या चालू साइटची प्रत लॅपटॉपवर उतरवून ठेवायची. मग नवीन सगळं झिप करून एकच फाइल पाठवायची, ती अर्ध्यावर तुटली तरी साइटला काही होत नाही, लाईट आली की "रिझ्यूम" निवडून पुढे चालू. पूर्ण गेल्यावर साइझ जुळवायची, कंट्रोल पॅनेलच्या फाइल मॅनेजरमधून सर्व्हरवरच उघडायची, आणि झिप लगेच पुसायची. एकेकटीच मोठी फाइल असेल तर विनएससीपी ती आधी तात्पुरत्या नावाने चढवतं आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव देतं, हे त्याचं मला फार आवडतं.

१४. काय काय अपलोड करू नये?

वरची झिप तशीच ठेवणं हा पहिला गुन्हा, "बॅकअप" नावाची झिप आहे का हे बॉट लोक दिवसरात्र तपासत फिरतात. डेटाबेसची एसक्यूएल फाइल. कोडच्या जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटचं लपलेलं फोल्डर, त्यातून तुमचा सगळा जुना कोड आणि कधीकाळी लिहिलेले पासवर्ड परत काढता येतात. एन्व्ह नावाची फाइल, त्यात सेटिंग्ज आणि पासवर्ड असतात. पाहुण्यांच्या आधार कार्डाचे फोटो तर देवासाठी नको, हे मी खरंच बघितलंय. लागतंच असेल तर पब्लिक_एचटीएमएलच्या बाहेर ठेवा. आणि डॉटने सुरू होणाऱ्या फाइल्स सॉफ्टवेअरमध्ये लपलेल्या असतात, "शो हिडन फाइल्स" चालू करून एकदा बघाच काय काय चढलंय.

१५. आमचा होस्ट म्हणतो एसएफटीपी नाही, फक्त एफटीपी आहे. मग?

आधी एफटीपीएस करून बघा, बऱ्याचदा असतं आणि त्यांनाच माहीत नसतं. प्रकार "एक्स्प्लिसिट" निवडा, पोर्ट २१ च राहतो, ९९० वाला "इम्प्लिसिट" हा जुना प्रकार. सॉफ्टवेअरमध्ये "उपलब्ध असेल तर सुरक्षित" असा पर्याय असतो तो नको, "सुरक्षित असेल तरच" हवा, नाहीतर गपचूप साध्या एफटीपीवर घसरतं. सर्टिफिकेटवर, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्रावर, तुमच्या डोमेनऐवजी होस्टिंग कंपनीचं नाव येऊन तक्रार आली तर होस्टच्या जागी त्यांच्या सर्व्हरचं नाव घाला, जुळून जाईल. हेही नसेल तर कंट्रोल पॅनेलचा फाइल मॅनेजर एचटीटीपीएसवर चालतो, झिप तिथून चढवा. आणि वर्षाचं रिन्यूअल आलं की माझ्या मते होस्ट बदला, आजच्या घडीला एसएफटीपी न देणाऱ्याकडे बाकी काय काय नसेल कोण जाणे.

१६. लॉगिन होतं, पण फोल्डरची लिस्ट येतच नाही, नुसतं गोल फिरतं.

हे एफटीपी आणि एफटीपीएसचं दुखणं, एसएफटीपीला होत नाही. त्या दोघांना बोलायला एक कनेक्शन आणि फाइल्स न्यायला दुसरं लागतं, ते दुसरं राउटर किंवा फायरवॉलमध्ये अडकतं. पॅसिव्ह मोड चालू करा, म्हणजे ते दुसरं कनेक्शनही तुमच्याच बाजूने सुरू होतं. ऑफिसमधून एफटीपी चालतं आणि एफटीपीएस अडकतं असं झालं तर नवल नाही, साध्या एफटीपीत राउटर तुमचं बोलणं वाचून योग्य दार उघडून द्यायचा, आता बोलणं कुलूपबंद, त्याला कळतच नाही कुठलं दार.

१७. पासवर्ड चार-पाच वेळा चुकला आणि आता साइटच उघडत नाही! हॅक झाली का?

नाही हो. सर्व्हरने तुमचा आयपी ब्लॉक केलाय. मोबाइल डेटावरून उघडून बघा, दिसेल. थोडा वेळ थांबा किंवा सपोर्टला आयपी सांगून काढून घ्या.

१८. फोटो टाकायला भाच्याला लॉगिन द्यायचंय, व्हॉट्सअ‍ॅपवर पासवर्ड पाठवला तर?

माझ्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या साइट्सचं मूळ बहुतेक इथेच असतं. मेन पासवर्ड भाच्याकडे, मग त्याच्या मित्राकडे, मग मंडळाच्या ग्रुपवर, आणि तीन वर्षांनी कोणालाच आठवत नाही कोणाकोणाकडे आहे. मेन लॉगिन कोणालाच देऊ नका. भाच्याचं वेगळं अकाउंट करा, फक्त फोटोंच्या फोल्डरपुरतं, काम झालं की बंद. पासवर्ड फोनवर बोलून सांगा, अगदी लिहूनच पाठवायचा तर युजरनेम एकीकडे आणि पासवर्ड दुसरीकडे.

इथे एक खोच आहे. सीपॅनेलमध्ये असं जे जादा एफटीपी अकाउंट करता त्याने एसएफटीपी चालत नाही, एसएफटीपी फक्त मेन अकाउंटला. मग भाच्याला एफटीपीएस द्या (प्रश्न १५), किंवा साइट वर्डप्रेसची असेल तर त्यात "ऑथर" म्हणून घ्या, फोटो चढवायला तेवढं पुरतं, सर्व्हरपर्यंत जायचंच कशाला.

१९. साइट हॅक झाली, साफ केली, पासवर्ड बदलला, आठ दिवसांत परत तेच. असं कसं?

तीन ठिकाणी बघा. एक, तुमचाच कॉम्प्युटर: तिथे व्हायरस असेल तर नवीन पासवर्डही त्याच दिवशी गेला, आधी मशीन साफ करा आणि मग दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदला. दोन, सर्व्हरवर मान्य केलेल्या कीजची यादी: चोराने स्वतःची की घालून ठेवली असेल तर पासवर्ड बदलून त्याला काही फरक पडत नाही, तुम्ही ओळखत नाही ती प्रत्येक की काढा. तीन, फोटोंच्या अपलोड फोल्डरमध्ये पीएचपी फाइल्स, म्हणजे सर्व्हरवर चालणारे प्रोग्राम. तिथे फोटो असायला हवेत, पीएचपी सापडली तर तेच मागचं दार.

२०. क्लाउडफ्लेअर लावल्यापासून एसएफटीपी जोडतच नाही.

क्लाउडफ्लेअर म्हणजे साइटच्या पुढे उभी राहणारी राखणदार सेवा. आता तुमचं डोमेन आधी त्यांच्या दारात जातं आणि ते वेबची वाहतूक पुढे सोडतात, पोर्ट २२ नाही. होस्टच्या जागी डोमेनऐवजी सर्व्हरचा आयपी किंवा होस्टने दिलेलं सर्व्हरचं नाव घाला. काही लोक एफटीपी नावाचं सबडोमेन क्लाउडफ्लेअरला बगल देऊन करून ठेवतात, पण त्याने खरा आयपी जगाला दिसतो, मी करत नाही.

२१. जुना लॅपटॉप विकतोय, फाइल्स पुसल्या, अजून काही?

सर्व्हरवर जाऊन त्या लॅपटॉपची पब्लिक की काढा, म्हणजे आतली प्रायव्हेट की राहिली तरी निरुपयोगी. पासवर्ड सेव्ह केलेले असतील (प्रश्न ८) तर ते सगळे बदला, नुसतं सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केलं तर ती फाइल मागे राहू शकते. हे दुसऱ्या मशीनवरून नवीन की चालतेय ना हे बघून झाल्यावरच करा. गेल्या वर्षी एकाने आधी की काढली, लॅपटॉप म्हापशात विकला, आणि मग स्वतःच्याच साइटच्या बाहेर बसून मला फोन केला.